अडलेलं सांगायचा तास

शेवटच्या तासाला ऊन पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं आत यायचं, आणि खडूची भुकटी, रानातून उडत आलेला कापूस, आमचे तेल थापलेले केस — सगळंच सोनेरी दिसायचं... त्या उजेडात आम्ही गोल करून बसायचो आणि बाई एकेकाला विचारायच्या, "आज कुठं अडलं? उद्या काय करून बघणार?" जिंतूरकडच्या आमच्या गावात मुलांना असं दुसरं कुणी विचारत नसे. मी रोज छाती फुगवून सांगायची, "काहीच अडलं न्हाई, बाई!" — जिला काहीच कळत नाही तिला अडणार तरी कुठं, हे उमगायला मला चाळिशी उजाडावी लागली.

चौथीतल्या दिवाळीनंतरची गोष्ट. गोल नुकताच जमला होता, तोच माझे चुलते, नाना, दारात येऊन उभे राहिले. बाहेर ऊसतोडीला निघालेला ट्रक घरघरत होता आणि त्यांना त्यांची लेक, माझ्याच वर्गातली रुक्मिण, सोबत न्यायची होती. माझी आई तिला ठेवून घ्यायला तयार होती, पण नानांचं एकच, "शिकतच न्हाई, तर ठेवून करायचं काय? बाई, शाळेतनं नाव काढा हिचं."

"बसा नाना. तिची पाळी होऊ द्या."

नाना उंबऱ्यावर टेकले. हॉर्न वाजला. माझी पाळी तिच्या आधी आली, आणि सवयीनं तोंडातून गेलंच, "काहीच अडलं न्हाई, बाई."

"बघा!" नाना म्हणाले. "हिला काहीच अडत न्हाई. आन आमची?"

रुक्मिण उठली. तळहात परकराला पुसत राहिली... पुन्हा हॉर्न, या वेळी लांबलचक.

"भागाकार अडला," ती म्हणाली. "मधीच भाग जाईना झाला की मी तसंच पुढं पळते. तिथं शून्य मांडायचं असतंय. उद्या शेंगदाणे वाटून बघणार."

"कुठं चुकायलंय ते तुझं तुलाच घावलं?" नानांनी विचारलं.

"हाव."

नाना तिच्याकडं बघतच राहिले. मग उठले, टोपी सारखी केली. "बघ मग उद्या," म्हणाले आणि बाहेर गेले. जरा वेळानं ट्रकमधून तिचं गाठोडं खाली आलं.

रुक्मिण आता पाथरीला असते. नाना-काकू दोघंही गेली. परवा भाजी निवडता निवडता ती एकदम म्हणाली, "त्या दिवशी आईनं ट्रकात केबिनच्या मागं, वारं लागणार न्हाई अशी जागा धरली होती गं माझ्यासाठी. गोधडी अंथरून... मी गेले न्हाई तरी कारखाना येईस्तोवर तिथं कुणाला बसू दिलं न्हाई म्हणं."