दाजींचा सिलेक्टर

लोंबकळणारी वायर दिसली की आमच्या दाजींचं डोकं फिरायचं. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी टीव्हीमागे वाकून बघणार आणि "हा गुंता कुणी करून ठेवलाय?" असं विचारून यजमानाला लाजवणार. मग माझी ताई त्यांच्या दंडाला चिमटा काढून म्हणायची, "अहो, जेवायला बोलावलंय, दुरुस्तीला नाही." मी ताईचा धाकटा भाऊ. त्यांच्या लग्नापासून मी या माणसाची टिंगल करत आलो. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय तर टिंगल काही जमत नाहीये.

दाजी टीव्ही मेकॅनिक. बाजारात एका शटरचं दुकान, आत एक टेबल, वर भिंग लावलेला दिवा. लोकांच्या घरात एकेक वस्तू वाढत गेली. कॅसेटचा प्लेअर आला, पोरांचा गेम आला, चॅनेलचा डबा आला. टीव्हीच्या पाठीमागच्या जोडायच्या जागा मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. या अडचणीवर दाजींनी संसार केला. चार वस्तू आणि एक टीव्ही असला की ते मध्ये एक छोटा डबा बसवून द्यायचे. त्याला ते सिलेक्टर म्हणत. सगळ्या वस्तूंच्या वायरी त्या डब्यात, डब्याची एकच वायर टीव्हीत. बटण दाबाल त्या वस्तूचं चित्र दिसणार. काम इतकं नेटकं की एक वायर नजरेस पडायची नाही. गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि दाजी त्याहून खूश.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. घरचा टीव्ही जुना, त्याला जोडायला मागे एकच पोर्ट. ताई कितीदा म्हणाली असेल, "सगळ्या गल्लीला डबे वाटता, एक घरी पण आणा की." दाजींचं उत्तर ठरलेलं असायचं, "आणतो गं, पळून जातोय का टीव्ही?"

मग ताईला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. जिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती, ती बाई खुर्चीत बसून नुसती बघायला लागली. समजत तिला सगळं होतं. डॉक्टर म्हणाले होते, डोकं शाबूत आहे, फक्त बाहेर येत नाही. माझी भाची, त्यांची एकुलती एक लेक, दूरदेशी होती आणि नेमकी दिवस भरत आलेली. तिला येता आलं नाही. मुलगी झाली तेव्हा तिने आईसाठी एक छोटा प्लेअर पाठवला. ती तिकडून रोज लेकीचा व्हिडिओ टाकायची, तो आपोआप या प्लेअरमध्ये येऊन पडायचा. सुरू केला की पहिल्या दिवसापासूनचे सगळे ओळीने लागायचे.

ताईला आता दुसरं काही नको होतं. नात बघायची, बस्स. पहिल्या दिवशी तो पाळण्यातला जीव टीव्हीवर दिसला तेव्हा तिच्या डोळ्यांना जी धार लागली ती मी पाहिली आहे.

त्या दिवशी दाजींनी अखेर घरी सिलेक्टर आणला. तीन वस्तू होत्या: चॅनेलचा डबा, लेकीचा प्लेअर आणि जिन्यातल्या कॅमेऱ्याची पेटी. दुपारी दाजी दुकानात जाणार, ताई घरी एकटी. शेजारच्या वहिनी अधूनमधून डोकावत असल्या तरी दाराशी कोण आलंय ते तिला बसल्या जागी दिसावं म्हणून त्यांनी कॅमेरा लावला होता. त्यात त्यांची माया होती, ते नाकारून चालणार नाही. सिलेक्टरही साधा नव्हता. "हा स्वतःच ओळखतो," ते मला कौतुकाने सांगत होते. "नवी वस्तू जागी झाली की चित्र आपोआप तिच्यावर जातं. आणि तिला बदलायचं असेल तर हा रिमोट." रिमोटला तीन बटणं. लेकीच्या प्लेअरचं बटण पहिलं, त्यावर त्यांनी लाल टिकली चिकटवली आणि रिमोट ताईच्या डाव्या हाताशी दोरीने बांधला. डबा टीव्हीच्या पाठीला चिकटवून टाकला. टीव्हीशेजारी उभं राहून तिन्ही बटणं दाबून बघितली. झकास चालत होती.

"एक वायर दाखव, धाकट्या," ते मला म्हणाले. खरंच एक दिसत नव्हती.

रोजचा क्रम ठरून गेला. सकाळ अंघोळ, औषधं आणि व्यायामात जायची. जेवण झालं की दाजी नातीचे व्हिडिओ लावायचे, ताईच्या पायांवर शाल टाकायचे आणि दुकानात जायचे. संध्याकाळी परतले की टीव्हीवर जिना दिसायचा. रिकामा जिना, कठडा, खालच्या मजल्यावरच्या सुतारांच्या दिव्याचा उजेड. ताई रिमोट मुठीत धरून त्या जिन्याकडे बघत असायची.

दाजी विरघळून जायचे. "माझी वाट बघतेस होय?" ते तिच्यापुढे उकिडवे बसून म्हणायचे. ताई रिमोट खुर्चीच्या हातावर आपटायची, घशातून आवाज काढायची. "अगं आलो की! बघ, आलो!" म्हणत ते तिचा हात हातात घ्यायचे. दुकानात येईल त्याला सांगायचे, नात सोडून आमची ही जिना लावून बसते. एवढ्या वर्षांत कधी लाडाने बोलली नाही, आणि आता बघा. शेजारच्या वहिनींनाही तेच खरं वाटलं. मी मात्र म्हणालो होतो, "दाजी, ताई आणि तुमची वाट बघणार? तब्येत जास्तच बिघडलेली दिसते." त्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. ताई समोरच बसलेली होती.

रिमोटचे सेल फार लवकर संपायचे. "किती दाबतेस गं!" म्हणत दाजी नवे घालायचे.

असं दोन वर्षांहून जास्त चाललं. नात पालथी पडली, रांगली, उभी राहिली. लेक फोनवर विचारायची, "बाबा, आई बघते ना सगळं?" दाजी सांगायचे, "बघते की, रोज बघते." ती बघतेच आहे असं धरून नातीचं वेगळं काही तिला कुणी सांगायचंही नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही भेटायला जमायचो, तेव्हा टीव्ही बंद असायचा. पाहुण्यांसमोर टीव्ही कसा लावायचा, ही आमची रीत. मग एका सकाळी ताई झोपेतून उठलीच नाही.

त्यानंतर लेक आली, नातीला घेऊन. पोरगी नुसती पळत होती, या खोलीतून त्या खोलीत. दुपारी जेवणं झाली. तिला आजीच्या खुर्चीत बसून स्वतःला टीव्हीवर बघायचं होतं. दाजींनी हौसेने प्लेअर लावला. पाळण्यातलं बाळ दिसायला लागलं आणि पोरगी खुदखुदू लागली.

थोड्या वेळाने खालच्या सुतारांचं जेवण आटोपलं आणि त्यांनी मोठी करवत सुरू केली. घरातले दिवे क्षणभर मिणमिणले. टीव्ही चालूच राहिला, पण मागचे डबे बंद होऊन पुन्हा सुरू झाले. पडद्यावर आधी प्लेअर आला. मग कॅमेऱ्याची पेटी सगळ्यांत शेवटी जागी झाली, आणि सिलेक्टरने आपलं काम चोख केलं. चित्र नव्या वस्तूवर नेलं. जिना आला.

"रोज होतं का असं?" भाचीने विचारलं.

दाजी दुकानात पोचायचे तेव्हा खाली करवत सुरू व्हायची, हे त्यांना कसं कळणार? आणि सुट्टीच्या दिवशी सुतारही घरी असायचे.

पोरीने खुर्चीतून लाल टिकली दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. "आजोबा, हे चालत नाही."

"चालतं. नीट दाब."

ती दाबत राहिली. दाजी उठले, तिला उचलून खाली ठेवलं आणि स्वतः त्या खुर्चीत बसले. माझ्या माहितीत ते त्यात पहिल्यांदाच बसले असतील. त्यांनी रिमोट धरला, हात लांब करून दाबला, वर करून दाबला. जिना हलेना. रिमोटचा इशारा घ्यायचा डोळा त्या डब्याला होता, आणि डबा त्यांनी टीव्हीमागे, भिंतीकडे तोंड करून चिकटवला होता. वायर दिसू नये म्हणून.

मला वाटलं, आता काहीतरी बोलावं. ताईला तुमचीच ओढ होती, असं काहीतरी. पण खोटं बोलायला जीभ रेटेना. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही येत होती, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

"मी हिच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ टाकला होता," भाची हळूच म्हणाली. "आईसाठी नीट उजेडात काढला होता. तेवढा तरी बघितला असेल ना तिने?"

दाजी हो म्हणू शकले असते. दोन वर्षं म्हणतच होते. मी डोळ्यांनी त्यांना खुणावलंही.

"नाही गं," ते म्हणाले. "तो प्लेअर रोज पहिल्यापासून लागतो. करवत सुरू होईपर्यंत हिचा पाळणासुद्धा सुटत नाही."

पोरगी मध्येच धावत आली, खुर्चीला वळसा घालून पुन्हा आतल्या खोलीत पळाली.

"ही चालते, हे तुझ्या आईला माहीतच नव्हतं," दाजी म्हणाले.