आमचे हे फिटर होतात

आमचे हे पंचेचाळिशीत शिकाऊ फिटर झाले. मी शहाण्या बाईसारखं तेव्हाच माहेरी निघून जायला हवं होतं.

त्याआधी हे शिंपी होते. आणि चांगले शिंपी होते. बायको आहे म्हणून म्हणत नाही, यांच्या दुकानात बसून जन्मभर काजं-बटणं केली म्हणून सांगते. यांनी शिवलेला कोट घातला की पोक काढून चालणारा माणूसही ताठ दिसायचा. पण तयार कपड्यांची दुकानं झाली आणि आमच्याकडे उरली ती चेन बदलायची नि पँटी आखूड करायची कामं. शेवटी दुकान बंद केलं. पंपांच्या कारखान्यात मोठ्या माणसांनाही शिकाऊ म्हणून घेत होते. वर्षभर शिका, परीक्षा द्या. पास झालात तर कायमची नोकरी, नाही तर घरी बसा. यांनी नाव दिलं. घरी बसणं आम्हाला परवडणारं नव्हतं, एवढं मात्र दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

आता यांचा स्वभाव सांगायलाच हवा. दुकानात कापडाला कात्री लावण्याआधी हे मला विचारायचे, "कापू का?" माप यांनी घेतलेलं, खडूच्या रेघा यांनी मारलेल्या, गिऱ्हाइकाशी बोलणं यांचं झालेलं, आणि कात्री हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत उभे! "कापा हो!" म्हटल्याशिवाय कात्री चालायची नाही. बरं, कापायचे तेही शिवणीत भरपूर माया सोडून. "माणूस जाड होतो, उसवून वाढवता आलं पाहिजे," हे उत्तर ठरलेलं. यांच्या एका सदऱ्यात आत दडवलेल्या कापडातून दुसऱ्याच्या बाह्या निघाल्या असत्या.

कारखान्यात सुरुवातीचे कितीतरी महिने नुसतं लोखंड घासायचं. टेबलावरच्या व्हाइसमध्ये तुकडा आवळायचा आणि कानशीनं घासत घासत मापाला आणायचा. मग एका पट्टीत खाच करायची आणि तिच्यात बसेल असा ठोकळा बनवायचा. हातानं दाबला की तो सरकत आत गेला पाहिजे, आणि उजेडाकडे धरला तर कुठे फट दिसता कामा नये. परीक्षेलाही हेच काम. यांचा ठोकळा काही केल्या खाचेत जायचा नाही. जाईल कसा? यांनी त्यालाही माया ठेवलेली!

यांना शिकवणारा उस्ताद आमच्या धाकट्या दिराहूनही लहान. एकदा बसथांब्यावर भेटला तर अगदी हात जोडून म्हणाला, "काकू, काकांना जरा समजवा ना. हात असा सरळ चालतो की पोरं काम सोडून बघत बसतात. पण माप जवळ आलं की कानस खाली ठेवतात आणि मला विचारतात, आणखी घासू का? परीक्षेत मी कुठून सांगणार?"

"मला काय सांगतोस बाबा," मी म्हटलं, "माझा जन्म गेला त्यात."

घरी तर विचारूच नका. मोज्यांत लोखंडाचा कीस, चादरीवर कीस, मी नखानं वेचतेय. जेवण झालं की हे खिशातून ठोकळा काढून माझ्या पुढ्यात ठेवायचे.

"अगं, बघ ना. आणखी घासू का?"

"अहो, मला लोखंडातलं काय कळतंय?"

"तरी पण. तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुम्ही माझं डोकं घासताय."

त्यावर सासूबाई आतून म्हणायच्या, "सांग ना गं त्याला काहीतरी. बिचारा विचारतोय एवढं." म्हणजे इथेही मीच! एकदा वैतागून मी ओरडले, "घासा! हवं तितकं घासा!" दुसऱ्या दिवशी यांनी माप न बघता खरंच घासला, आणि ठोकळा खाचेत एका बाजूनं घातला तो दुसऱ्या बाजूनं खाली पडला. संध्याकाळी घरी आल्यावर काय म्हणावं या माणसानं? "तूच म्हणालीस." मी कपाळावर हात मारून घेतला.

परीक्षेच्या दिवशी हे चाळशी घरी विसरले. रेघा दिसायच्या त्या चाळशीनं, आणि तीच नेमकी आरशापुढे! मी ती पर्समध्ये घातली आणि तशीच कारखान्यात धावले. उस्तादानं मला दारातच अडवलं. "काकू, आत यायचं नाही. बाहेरचं कुणी एक शब्द जरी बोललं ना, तरी काकांची परीक्षा रद्द." चाळशी घेऊन तो आत गेला आणि गुपचूप यांच्या टेबलावर ठेवून आला.

मी दारातच उभी राहिले. यांनी चाळशी लावली, ठोकळा खाचेच्या तोंडाशी धरला, अंगठ्यानं दाबला. गेला नाही. कानस उचलली. खाली ठेवली. पुन्हा उचलली. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघत होते, हे नाही. मग मान वर करून यांनी थेट दाराकडे पाहिलं.

ती नजर मी ओळखते. शब्द माझ्या ओठांवर आला होता. मान हलवली असती तरी भागलं असतं. मान हलवणं म्हणजे काही बोलणं नव्हे. पण माझ्या मनात आलं, आज मी मान हलवीन, उद्या पंपापाशी कोण हलवणार? आणि खरं सांगायचं तर मला भयंकर राग आला होता. मी पाठ फिरवली आणि बाहेर येऊन सायकलींपाशी बाकावर बसले.

बसले मात्र, आणि नको ते विचार सुरू झाले. हे नापास झाले तर? इतकी वर्षं सांगितलं, नेमकं आजच तोंड फिरवायचं सुचलं मला? आतून कानशींचे आवाज येत होते, सगळे सारखेच. यांचा कुठला ते कळेना.

घंटा झाली. पोरं बाहेर आली. सगळ्यांत शेवटी हे, चाळशी कपाळावर, उस्तादाशी हसत बोलत.

"बसला?" मी विचारलं.

"बसला ना," हे म्हणाले. जसा काही रोज बसत होता! "जरासंच उरलं होतं. काढून टाकलं."

"कुणाला विचारलंत?"

"विचारणार कुणाला? वेळ कुठे होता? पण तू इथे कशी?"

"मी कशी? चाळशी कुणी आणली? दारात उभी होते मी! तुम्ही बघितलंत माझ्याकडे!"

"तू होतीस होय ती?" हे म्हणाले. "चाळशी लावली की मला लांबचं सगळं धूसर दिसतं. उस्तादाला शोधत होतो मी."

एवढा जीव मुठीत धरून मी बाहेर बसले, आणि या माणसाला पत्ताच नाही! मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण उभ्या जन्मात पहिल्यांदा यांनी मला न विचारता एक काम पुरं केलं होतं, आणि मला तिथेच, सगळ्या पोरांसमोर, रडू फुटलं.

हे घाबरले. "अगं, रडतेस काय? उस्तादानं तपासलंय, पास झालो मी!"

"कळलंय मला," मी म्हणाले. "चला आता घरी."