नेलिसचं मागचं दार

आमच्या गल्लीत नेलिस ओमेनइतका हट्टी माणूस दुसरा नाही. मी चाळीस वर्षं बायकांचे केस कापले आहेत, तेव्हा हट्ट म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. नेलिस बँडची वाद्यं दुरुस्त करतो. ट्रम्पेटचे पोचे काढतो, ट्यूबाच्या गळक्या नळ्या सांधतो आणि मग ते वाद्य स्वतः वाजवून बघतो. वाजवता त्याला येत नाही. अठ्ठावन्न वर्षांचा होईपर्यंत तो आईच्या घरात, आईच्या पडद्यांसकट राहिला. आई जाऊन अकरा वर्षं झाली, तरी पुढच्या खोलीतल्या तिच्या मखमली खुर्च्यांवर कुणी बसायचं नाही. त्या पाहुण्यांसाठी राखलेल्या. पाहुणे आले की नेलिस त्यांना स्वयंपाकघरात बसवायचा.

अशा माणसाचं लग्न झालं ते एका पोच्यामुळे. सुरिनामहून चर्चचा एक बँड इकडच्या मेळाव्याला आला होता. त्यातल्या मुरिएल लान्दफेल्द नावाच्या बाईचं ट्रॉम्बोन विमानात चेपलं. नेलिसला ते नीट करायला तीन दिवस लागले. तसला पोचा तो जेवायच्या आत काढतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, म्हणून आम्ही गप्प बसलो. पुढच्या वर्षी, कधी जवळच्या तिलबुर्ग शहराच्या पुढे न गेलेला हा गृहस्थ तिकडे सुरिनामला, पारामारिबोला जाऊन लग्न करून आला. मागोमाग मुरिएल नव्वद दिवसांच्या व्हिसावर आली.

आता कायदा ऐका. डच माणसाला युरोपबाहेरची बायको आपल्याच देशात ठेवायची तर दर महिन्याला ठरावीक कमाई कागदावर दिसावी लागते. नेलिसची कमाई कोणत्या बँडने किती वेळा ट्यूबा आपटला यावर अवलंबून. पण तोच माणूस शेजारच्या देशात राहायला गेला, की तो सीमा ओलांडलेला युरोपचा नागरिक होतो आणि बायको त्याच्याबरोबर हक्काने राहते. म्हणजे घरी परीक्षा आणि परक्याच्या दारात मान. हे ज्याने लिहिलं त्याचं स्वतःचं लग्न कसं चाललं होतं, ते मला बघायचं आहे.

बाकीचे लोक त्यासाठी सामान बांधून बेल्जियमला खोली घेतात. आमच्या बार्ले गावात तेवढी दगदग नाही. इथे सीमा घरांमधून जाते, आणि ज्या देशात पुढचं दार, त्या देशातलं घर. नेलिसचं स्वयंपाकघर हॉलंडमध्ये, मखमली खुर्च्यांची खोली बेल्जियममध्ये. पुढचं दार रेषेच्या हॉलंडकडच्या बाजूला होतं आणि शेजारची, त्या खोलीची खिडकी बेल्जियमकडच्या. मुरिएलने नियम वाचले, पट्टीने मोजलं आणि म्हणाली, "मग खिडकीचं दार करा आणि दाराची खिडकी." दोन्ही नगरपालिकांनी कागद दिले. नव्या दारावर बेल्जियमचा नंबर लागला. नेलिस त्याच पलंगावर झोपून देशांतर करून मोकळा झाला.

राहिलं एकच काम. जोडपं खरंच तिथे राहतं का, हे बघायला बेल्जियमचा गल्ली-पोलीस न सांगता येतो. फार तर तीनदा. त्याने "राहतात" असं लिहिलं तर मुरिएलला इथे राहण्याचं कार्ड. "राहत नाहीत" असं लिहिलं तर तिला परतीचं विमान. आमचा गल्ली-पोलीस म्हणजे फॉन्स, शाळेत नेलिसच्या मागच्या बाकावर बसलेला. आम्हाला वाटलं, झालंच काम.

पण आमच्याकडे पुढचं दार वापरतं कोण? ते नवरीसाठी, शवपेटीसाठी आणि व्हॅक्यूम क्लीनर विकणाऱ्यांसाठी. घरचा माणूस, शेजारी, डॉक्टर, सगळे अंगणातून मागच्या दाराने येतात. पुढची बेल वाजली की आम्ही आधी कोण गेलं ते आठवतो.

फॉन्स पहिल्यांदा आला तेव्हा स्वयंपाकघरात नेलिस ट्यूबा वाजवून बघत होता. फॉन्सने दहा मिनिटं बेल दाबली, चिठ्ठी टाकली आणि गेला. ती चिठ्ठी चार दिवस पायपुसण्यावर पडून होती, कारण त्या बाजूला कुणी फिरकलंच नाही.

दुसऱ्यांदा आला तेव्हा मी स्वयंपाकघरातच कॉफी पीत होते. बेल वाजली. मुरिएल ताडकन उठली. पण नेलिसच्या तोंडून अठ्ठावन्न वर्षांची सवय निघून गेली. तो ओरडला, "मागून या!"

आणि फॉन्स, त्याच गावचा, आला की मागून! अंगणात पाऊल टाकलं आणि थबकला. खाली बघितलं. मग टोपी काढून काखेत घातली.

"हॉलंड," तो सुस्कारा टाकून म्हणाला. "मेल्या नेल्या, इथे मी पोलीस नाही रे. इथे मी नुसता फॉन्स."

"मग नुसती कॉफी घे," नेलिस म्हणाला.

मुरिएलने त्याच्यापुढे नारळ आणि कसावाचा केक ठेवला. फॉन्सने दोन तुकडे खाल्ले. तिने नवऱ्याला पायातल्या गाळावरून झापलं, नवऱ्याने मान खाली घालून जोडे काढले, तिने त्याच्या कॉलरचं बटण लावून दिलं. याहून जास्त संसार काय असतो?

"बघितलंत ना?" मुरिएल म्हणाली. "आता लिहा."

"काय लिहू, वहिनी? मला इथलं काही दिसत नाही. बेल्जियममध्ये दोन वेळा बेल वाजवली, दोन्ही वेळा घर रिकामं. खोलीत डोकावलो तर खुर्च्यांना प्लास्टिक. तिथे माणसं राहतात म्हणून मी कुठल्या तोंडाने लिहू?" फॉन्सने तिसरा तुकडा उचलला. "नुसता फॉन्स म्हणून सांगतो, पोलीस म्हणून नाही. पुढच्या गुरुवारी सकाळी मी येईन. तेव्हा पुढून दार उघडलं नाही, तर मला खरं तेच लिहावं लागेल."

मग गल्लीने तालीम सुरू केली. ठरलं की आठवडाभर सगळ्यांनी पुढूनच जायचं. पहिल्या दिवशी डॉक्टर मागून आले. पाद्री पुढून आले, तर नेलिसने घाबरून विचारलं, "कोण गेलं?" मी स्वतः पुढच्या दारापर्यंत गेले, बेलवर बोट ठेवलं आणि अचानक मला विकायला काहीतरी आणायला हवं होतं असं वाटलं. मुकाट्याने वळसा घालून मागून गेले. नेलिस तर नव्या दाराने बाहेर पडायचा आणि जुन्या सवयीने मागून आत यायचा. मुरिएल त्याला पुढच्या खोलीत कॉफी न्यायला लावायची. तो कप घेऊन खुर्चीसमोर उभ्याउभ्या पीत राहायचा.

"बसा," ती म्हणायची.

"बसतो."

"केव्हा?"

"ही संपली की."

शनिवारी मी अंडी द्यायला गेले तेव्हा पलंगावर तिची सुटकेस उघडी होती. ती रागावलेली नव्हती, याचीच मला भीती वाटली. ट्रॉम्बोन पुसून पेटीत ठेवत ती नवऱ्याला म्हणाली, "नेलिस, मला तुमचा हॉलंड नको आणि तुमचा बेल्जियमही नको. मी पंचावन्न वर्षांची आहे. पारामारिबोला माझं घर आहे, बहीण आहे, आंब्याचं झाड आहे. मी समुद्र ओलांडून आले. तुम्हाला एक खोली ओलांडवत नाही. गुरुवारी फॉन्सने काय लिहायचं ते लिहू दे, मला माझं उत्तर आजच दिसतंय."

नेलिसला बोलता आलं असतं तर त्याने तीन दिवस एका पोच्यावर घालवले नसते. तो कान लाल करून उभा राहिला आणि मग अंगणात निघून गेला. अर्थातच मागच्या दाराने. मला त्याला ट्यूबाने हाणावंसं वाटलं.

बुधवारी सकाळी मी वाटाण्याचं सूप घेऊन निघाले. तालीम-बिलीम विसरून सरळ अंगणातून गेले, नेहमीसारखी दाराकडे न बघताच कोपराने ढकलायला गेले, आणि कोपर असं आपटलं की सूप अर्धं माझ्या एप्रनवर. समोर भिंत! विटा वाकड्यातिकड्या, चुना अजून ओला. दार नाहीच.

"नेलिस!" मी किंचाळले. "अरे, दार कुठे गेलं?"

भिंतीआडून आवाज आला, "पुढून ये, रिट."

हे दोन शब्द त्या घरातून आयुष्यात पहिल्यांदा निघाले. मी पुढून गेले. मुरिएल खोलीत उभी होती, तोंडावर हात ठेवून. सुटकेस बंद होती की उघडी, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. कचऱ्याची बादली, सायकल आणि अंगणातली कोंबडी आता याच खोलीतून जाणार होती. त्यामुळे आईच्या गालिच्यावर वर्तमानपत्रं पसरली होती आणि कोंबडी मखमली खुर्चीवर बसली होती. ती मात्र कुणाच्या परवानगीसाठी थांबली नव्हती.

गुरुवारी फॉन्सने बेल वाजवली. मी समोर माझ्या खिडकीत, पडदा बाजूला करून. दार उघडलं. नेलिस घरातल्या चपलांवर, हाताला चुना, नखात चुना. मी तशीच रस्ता ओलांडून गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण असल्या वेळी बोलावण्याची वाट बघत बसले असते तर माझ्या दुकानाला कधी गिऱ्हाईक लागलं नसतं.

"श्रीयुत ओमेन," फॉन्स टोपी सरळ करून म्हणाला, "आपण इथेच राहता?"

"या, बसा," नेलिस म्हणाला, आणि आधी स्वतः बसला. आईच्या खुर्चीवर, प्लास्टिक काढलेल्या, चांगलं बूड टेकवून. मुरिएलने कॉफी आणली. फॉन्सने वहीत बरंच लिहिलं, सायकल लिहिली, कोंबडी लिहिली, चपलांचे दोन जोड लिहिले. कॉफी संपवून उठला आणि बोलता बोलता निघाला स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे. त्यालाही काय सवय कमी?

धप्प असा आवाज आला. फॉन्स कपाळ चोळत परत आला.

"अरे नेल्या," तो पोलीस असल्याचं विसरून म्हणाला, "चार दिवसांचा प्रश्न होता. एक कुलूप लावलं असतंस तरी भागलं असतं. भिंत कशाला घातलीस?"

नेलिसने मुरिएलकडे बघितलं.

"कुलूप मी उघडलं असतं," तो म्हणाला.