चमचाही न वाजवता केलेला मिल्कशेक

आमचे हे कारखान्यात रात्रपाळीचे वॉचमन. सकाळी घरी येतात आणि दिवसभर झोपतात. झोप कसली, विचारू नका! स्वतःच्या घोरण्याने खिडकीच्या काचा हादरल्या तरी ढिम्म हलत नाहीत. पण स्वयंपाकघरात चमचा पडला की ताडकन उठून बसतात आणि घर डोक्यावर घेतात.

त्यात पोरांना उन्हाळ्याची सुट्टी. सकाळपासून मिल्कशेकसाठी नुसती भुणभुण. दुपारी मिक्सर लावायची कुणाची बिशाद! मग मी केळी हाताने कुस्करली, दूध-साखर घालून झाकणाच्या बरणीत भरली आणि खांदे भरून येईपर्यंत बरणी हलवत बसले. बर्फसुद्धा टॉवेलात गुंडाळून गच्चीवर फोडला. पोरं जिन्यात बसून, चकार शब्द न काढता प्यायली.

संध्याकाळी हे उठले. त्यांच्यासाठी ठेवलेल्या पेल्यातला एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"गुठळ्या राहिल्यात गं. घरात मिक्सर काय शोभेला ठेवलाय?"

मी मिक्सर स्वच्छ पुसला आणि यांच्या उशाशी प्लग आहे, तिथे नेऊन ठेवला. उद्या दुपारी तिथेच लावणार आहे.