उभ्या गाडीची थरथर

आमच्या बुआला डॉक्टरसारखं गाडीला तपासायची सवय होती. सकाळी पदर खोचून ती बॉनेट उघडायची, इंजिन चालू ठेवायची, आणि एका रबरी नळीचं टोक कानाशी धरून दुसरं टोक पाइपांवरून सावकाश फिरवायची. आमच्या थाटीपूर मोहल्ल्यातले शेजारी आधी थांबून बघायचे. पुढं त्यांनाही सवय झाली.

खरं तर ती माझी आत्या. पण ग्वाल्हेरात पिढ्या गेल्यावर आमच्या घरी आत्याची बुआ कधी झाली, कुणाला आठवत नाही. पुण्याच्या नातेवाइकांना 'बुआ येतेय' म्हटलं की कीर्तनकार येतोयसं वाटायचं, आणि रिक्षातून ही उतरायची. मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, मोजकं बोलणारी.

गाडी बाबांची, जुनी, कार्ब्युरेटरवाली. बाबा गेल्यावर ती बरेच महिने अंगणात झाकून पडली होती. बुआनं ती बाहेर काढली. पळताना ठीक चालायची, पण सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, मध्येच बंद पडायची. नई सडकेवरच्या मिस्त्रीनं एक स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवून दिला. थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. "आवाज वाढवून दुखणं थोडंच जातं," बुआ म्हणाली, आणि स्वतः शोधायला लागली. इंजिनाला जोडलेली एखादी नळी चिरली की ते तिथून जास्तीची हवा ओढतं. गाडी पळत असते तोवर ते लपतं.

बाबांच्या जाण्यानंतर मला रडू आलं नव्हतं. कामावर जायचे, यायचे, जेवायचे. काकू-मावश्यांना काळजी वाटायची, त्या मला बोलतं करू बघायच्या. बुआनं एकदाही विचारलं नाही. एका रविवारी तिनं ती रबरी नळी माझ्या हातात दिली. "कान लाव. बारीक सूंऽऽ असा आवाज आला तर सांग. नाही आलं तर नाही म्हण. उगीच हो म्हणू नकोस."

मला काहीच ऐकू आलं नाही. मी तसं सांगितलं. "ठीक है," म्हणून तिनं नळी पुढं सरकवली.

पुढं तिचेच कान गेले. ती मान्य करत नव्हती, मीही विषय काढत नव्हते. मग नया बाज़ारच्या वळणावर मागून टेंपो हॉर्न देत राहिला आणि तिनं गाडी तशीच वळवली. दार चेपलं, कुणाला लागलं नाही. घरी आल्यावर ती गाडीतच बसून राहिली. नंतर किल्ली माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "आता तू चालव. मी बाजूला बसत जाईन."

बाजूला बसून ती एक हात डॅशबोर्डवर ठेवायची. थरथर तिला हाताला कळायची.

या हिवाळ्यात ती गेली. निमोनियाचं निमित्त झालं. तेराव्याला सगळे आले, सगळे गेले. इंदूरहून दादाचा फोन आला की गाडीला गिऱ्हाईक मिळालंय, बघायला येतील, तेवढी सुरू करून ठेव.

मी सुरू केली. ती उभ्या जागी हलायला लागली, आणि ब्रेकही दगडासारखा घट्ट लागत होता. ब्रेकला जोर इंजिनाच्या हवा ओढण्यातूनच मिळतो, म्हणून ब्रेककडे जाणाऱ्या जाड नळीवर बाटलीतून थोडं थोडं पाणी सोडलं. सांध्यापाशी पाणी पडलं तशी चीर बुजून इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला. नळी तिथंच चिरली होती. बाजारातून नवी आणून बसवली. गाडी एका लयीत चालू लागली.

कुंपणापलीकडून शेजारचे शर्माजी म्हणाले, "बुआजी होतीं तो ख़ुश होतीं." मी मान हलवली. आता तरी काही वाटेल म्हणून थोडा वेळ तिथंच उभी राहिले. काही वाटलं नाही.

हात धुऊन दादाला फोन केला. म्हटलं, गिऱ्हाइकाला नको सांग. त्यानं कारण विचारलं. "तुला ठेवायची आहे का?" त्यानं पुन्हा विचारलं.

"हो," मी म्हणाले.