बाबा, ट्रक आणि वार्निशचा हात

माझे वडील सध्या एका ट्रकच्या मागच्या चाकांवर आहेत. थोडेसे टपावर आहेत. डाव्या दारावरही किंचित असतील, पण तिथं माझा हात जरा आखडता होता.

हे मी मुद्दाम केलेलं नाही. (माझा धाकटा भाऊ विलास म्हणतो, मुद्दाम केलं. पण मी दहावीत नापास झालो तेही त्याला मुद्दामच वाटतं.)

मला प्लास्टिकच्या गाड्या जोडायचा नाद आहे. खोक्यात बारीक बारीक तुकडे चौकटीला चिकटून येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की वीतभर रणगाडा नाहीतर हातभर विमान तयार होतं. पन्नाशी ओलांडलेला, अमरावतीच्या एका कचेरीत फायली सरकवणारा माणूस सुट्टीच्या दिवशी चिमट्यानं तांदळाएवढा आरसा चिकटवत बसतो, ही गोष्ट आमच्या घरात बाहेर सांगत नाहीत. मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा माझ्या बायकोनं, सुनंदानं, "त्यांना पोटाचा त्रास आहे, गॅलरीत मोकळ्या हवेत बसतात," असं सांगून वेळ मारून नेली होती!

या नादातली खरी कारागिरी गाडी जोडण्यात नाही, ती जुनी करण्यात आहे. नवीकोरी गाडी खेळणं दिसते. तिच्यावर गंज, चिखल, धूळ चढली की ती खरी वाटायला लागते. त्यासाठी विकतच्या भुकट्या मिळतात. पण आपण पडलो वऱ्हाडातले. धूळ काय विकत आणायची? तेल्हाऱ्याच्या शेतातली काळी माती, विटेचा चुरा, चुलीतली राख, असं सगळं वस्त्रगाळ करून मी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत भरून ठेवतो. बरण्यांवर नाव लिहीन लिहीन म्हणतो. लिहीत नाही.

बाबा ट्रक ड्रायव्हर. उभं आयुष्य त्यांनी तेल्हाऱ्याकडच्या कापसाच्या गाठी कुठं कुठं पोचवल्या. आई गेल्यावर ते अकोल्याचं घर विलासवर सोपवून माझ्याकडे आले आणि गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून माझ्यावर देखरेख करू लागले.

"काय करून राहिला?"

"धूळ चढवून राहिलो, बाबा."

"अबे, लोकं गाडी धुतात! तू धडधाकट गाडी मळवून राहिला? तुले नौकरी कोनं देली?"

शेवटी त्यांचं तोंड बंद करायला मी त्यांच्याच गाडीसारखा, पुढं लांब नाक असलेला ट्रक करायला घेतला. खोक्यातला संच परदेशी गाडीचा होता, तो कापून-जोडून देशी करायचा होता. तोंड बंद कसलं होतं, उलट ते कायमचं उघडलं! "हौदा उच्चा पायजे." "दिवा असा नसते." "अन् ते स्टेरिंग उजवीकडं घे ना बे. हा काय अमेरिकेत माल घेऊन चालला?" बापलेकांत इतकं बोलणं आधी कधी झालं नव्हतं. मी ओरडा खात होतो, पण रोज कचेरीतून लवकर घरी येत होतो.

एका सकाळी चहा घेऊन गेलो तर बाबा खुर्चीतच गेलेले होते. चष्मा नाकावर, तोंड ट्रककडे. हौद्याचा रंग अजून ओला होता.

विलास अकोल्याहून आला. सगळं रीतीप्रमाणे झालं. राख सावडली, अस्थी कौंडण्यपूरला वर्धा नदीत सोडल्या. राहिली ती कमलआत्या. ही बाबांची थोरली बहीण, तेल्हाऱ्याला असते. गुडघ्यानं तिला जागेवरून उठू दिलं नाही. फोनवर रडत म्हणाली, "माह्या गुन्याले माह्यासाठी थोडंसं ठेवा रे बाप्पा. मी आली का माह्या हातानं सोडीन."

म्हणून विलासनं थोडी राख एका बरणीत ठेवली. (बरणी लोणच्याची. आमच्या घरात दुसरी बरणीच नाही!) आता ती ठेवायची कुठं? घरात ठेवायची नसते. दारच्या कडुलिंबाला टांगावी तर वांदरं सकाळ-संध्याकाळ हजेरीला. सुनंदानं तोडगा काढला. तिनं बरणी माझ्या गॅलरीत ठेवली. लग्न झाल्यापासून ती माझी गॅलरी घरात धरतच नाही.

आणि तिनं मला सांगितलं होतं. हे मी नाकबूल करत नाही.

"अवो, बाबांची बरनी तुमच्या टेबलावर ठेवली हं. ध्यान ठेवजा."

मी "हं" म्हणालो. त्या वेळी माझ्या दातांत चिमटा होता आणि चिमट्यात ट्रकचा वायपर. जुन्या नवऱ्याच्या "हं"वर कोणत्या बाईनं विश्वास ठेवावा, हा सुनंदाचाही थोडा दोषच म्हणायचा. (हे वाक्य तिला वाचून दाखवलेलं नाही.)

घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं ऐकायचं असे. "काय झालतं?" "चहा घेतला होता का?" "दवाखान्यात काहून नाई नेलं?" मी उत्तरं देऊन देऊन थकलो की गॅलरीत पळायचो. रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून बसायचो. ट्रक पुरा करायचा, एवढंच डोक्यात होतं. दिवा बाबा म्हणाले तसा बसवला. हौदा उंच केला. उरली फक्त धूळ.

हाताला लागली ती बरणी उघडली. आणि काय ती राख! करडी, मऊ, कुठं कुठं पांढरट झाक. चुलीची राख इतकी देखणी मी जन्मात पाहिली नव्हती. मी ती चहाच्या गाळणीनं चाळली. काही बारीक खडे राहिले, ते कढीपत्त्याच्या कुंडीत टाकले. (कढीपत्ता त्यानंतर फार जोमानं वाढला. आमच्याकडे आता फोडणीत कढीपत्ता घालत नाहीत.) मग ओल्या कुंचल्यानं चाकांवर जाड थर, टपावर हलका, दारावर नुसता फिरवलेला हात. वर पक्कं बसावं म्हणून मॅट वार्निश. असं काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं, पुढंही होणार नाही. ट्रक नुकताच लांबचा माल टाकून आल्यासारखा दमलेला दिसत होता. मी खूश होऊन बरणी साबणानं विसळली आणि तिच्यात थिनर भरलं.

तेराव्याच्या आधी विलास आत्याला घेऊन आला. आत्या ओसरीत टेकली, पाणी प्याली, डोळे पुसले आणि म्हणाली, "आन वो सुनंदा, माह्या गुन्याले."

सुनंदा गॅलरीत गेली. बरणी उचलली. झाकण काढून वास घेतला. तिचा चेहरा बघून माझ्या पोटात खरोखरच त्रास सुरू झाला.

"अवो, हे काय हाये?"

"थिनर."

"अन् बाबा?"

मी ट्रककडे बघितलं. सुनंदानं ट्रककडे बघितलं. विलास आत आला, त्यानं आमच्या दोघांकडे बघितलं, मग ट्रककडे.

"दादा," तो हळूच म्हणाला, "तू बाबाले रंगात वापरलं?"

"रंगात नाही. धुळीत."

"मंग ठीक हाये!" विलास ओरडला. "धुळीत हाये म्हंते! अबे, मानूस हायेस का कोन? बापाले चाळलं त्वा?"

चाळलं हे त्याला कसं कळलं? गाळणी कडेच्या करड्या राखेसकट टेबलावरच होती; काम झालं की मी ती गुपचूप स्वयंपाकघरात ठेवायचो, नुकतीच पुन्हा आणली होती. सुनंदानं ती ओळखली. सकाळपासून आलेल्या सगळ्या पाहुण्यांना तिनं त्याच गाळणीतून चहा दिला होता. ती मटकन खाली बसली. आतल्या खोलीत तिची मावशी "चहा आज मस्त झाला बाप्पा" म्हणत होती.

पुढचा तासभर मी सुरीनं, टूथब्रशनं, नखानं बाबांना खरवडायचा प्रयत्न केला. एक कण निघाला नाही. वार्निशचा हात मी फारच मन लावून मारला होता. थिनरनं पुसावं म्हटलं तर विलास अंगावर धावून आला. "खबरदार! आता बाबाले घासलेटात आंघोळ घालशीन काय?"

ओसरीत आत्यानं हे सगळं ऐकलं होतं. ती काठी टेकत गॅलरीत आली. मी मान खाली घालून उभा. तिनं ट्रक ओंजळीत घेतला, चष्म्याजवळ नेला, फिरवून फिरवून पाहिला.

"हाये खरा त्याच्या गाडीवानी," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "पन इतकी धूळ घेऊन त्यानं गाडी कदी दारात उभी नाई केली रे."

मला तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"चाला," आत्या म्हणाली, "ट्रकच सोडू."

कौंडण्यपूरच्या घाटावर गुरुजींनी पळीपंचपात्र मांडलं आणि हात पुढं केला. "अस्थी?"

आत्यानं पिशवीतून ट्रक काढून पुढं ठेवला. गुरुजींनी ट्रककडे पाहिलं, मग तिघांच्या चेहऱ्यांकडे. घाटावर चक्रम माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली असावीत, पण सहकुटुंब नसावीत.

"आजी, प्लास्टिक आहे हे. नदीत चालत नाही." त्यांनी पाटीकडे बोट केलं.

"गुरुजी, हे प्लाष्टिक नोहे. माहा भाऊ हाये."

गुरुजींनी बॉनेटला हळदकुंकू वाहिलं, मंत्र म्हटले आणि पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. "मी काही पाहत नाही," म्हणाले.

आत्यानं ट्रक पाण्यावर ठेवला. "जाय रे गुन्या," ती म्हणाली. "हळू जाय. घाई नोको करू."

बाबा गेले नाहीत. प्लास्टिकच ते, तरंगायला लागलं. ट्रक थोडा पुढं गेला, धारेला लागला, गर्रकन वळला आणि नाक आमच्याकडे करून परत घाटाला येऊन लागला. मी लोटला. परत आला. विलासनं लांब फेकला. परत आला.

"वजन नाही ना त्यात," मी म्हणालो आणि पँट वर करून पाण्यात उतरलो. हौद्यात गोटे भरू लागलो. इतका वेळ माझ्याशी शब्द न बोललेला विलास एकदम म्हणाला, "दादा, ओवरलोड नोको करू. बाबाले पटत नव्हतं." आणि त्यानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

ट्रक बुडाला. आम्ही हात जोडले. डोळे मिटले. तोच पाण्यातून एक दाढीवाला वर आला. हा नदीत सोडलेले नारळ आणि नाणी काढणारा. त्याच्या हातात ट्रक होता.

"ओ काका! तुमचं खेळनं पडलं जी!"

तो बक्षिसाच्या आशेनं ट्रक पुढं धरून उभा, ट्रकमधून पाणी निथळतंय, चाकांवर गाळ. पण बाबा जागच्या जागी! वार्निश वर्धेलाही हटलं नव्हतं.

आत्यानं ट्रक घेतला. पदरानं पुसला.

"त्याले जायाचं नाई," ती म्हणाली. "नेते मी तेल्हाऱ्याले."

"आत्या, घरात ठेवत नसतात," विलास म्हणाला.

"घरात कोन ठेवते? गाडी हाये. बाहेर ओट्यावर लावन."

आणि तिनं नेला. परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ मांडीवर घेऊन बसली होती. कंडक्टरनं कौतुकानं विचारलं, "नातवाले घेतला काय आजी?" आत्या म्हणाली, "नाई. भाऊ हाये." तो पुढच्या सीटचं तिकीट फाडायला गेला.

मी घरी येऊन सवयीनं कुंचला हातात घेऊन गॅलरीत बसलो. दुसऱ्या हातानं मोबाईल बघितला. ट्रक पुरा झाला त्या दिवशी मी त्याचा फोटो मॉडेल करणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकून दिला होता आणि विसरलो होतो. त्यावर वाहवा नुसती ओसंडत होती. पुण्याच्या एका सद्गृहस्थांनी, ज्यांनी आजवर माझ्या कामाला कधी चांगलं म्हटलं नव्हतं, लिहिलं होतं, "धूळ अप्रतिम! इतकी खरी धूळ पाहिली नाही. कुठून मागवली? थोडी पाठवता का?"

मी लिहिलं, "घरचीच होती. संपली."

त्यांनी लगेच एक रडका चेहरा पाठवला. घरी भेटायला आलेल्यांपैकी इतकं मनापासून कोणी रडलं नव्हतं. त्या चेहऱ्याकडे बघता बघता मीही रडलो. पहिल्यांदाच, हमसून हमसून. सुनंदा धावत आली आणि तिनं माझ्या हातातला कुंचला आधी काढून घेतला!