कच्च्या टाक्याची उत्तरं

आमच्या गावच्या शाळेत उत्तर चुकलं तर एक छडी बसायची, कोरं सोडलं तर दोन. त्यामुळे वर्गातली आम्ही सगळीच पोरं काही ना काही लिहायचो. नदीचं नाव आठवलं नाही तर जवळची नदी लिहायचो, राजाचं आठवलं नाही तर दुसरा राजा. मी नववीत शाळा सोडली ती छड्यांमुळे नाही. आई अंथरुणाला खिळली, मागे धाकटी भावंडं होती आणि घरात मोठी मुलगी मीच. पण शाळेतून एक सवय मी बरोबर घेऊन निघाले. कुणी काही विचारलं की गप्प राहायचं नाही, काहीतरी सांगून मोकळं व्हायचं.

लग्नानंतर आमच्या ह्यांना म्हैसूरच्या एका गोदामात काम मिळालं आणि मीही इकडे आले. ही सवय इथेही आलीच. बसमध्ये कुणी कन्नडमधून काही विचारलं की मी ‘हौदु’ म्हणायचे. हौदु म्हणजे हो, एवढाच शब्द मला येत होता. एकदा कंडक्टरला असंच हौदु हौदु केलं आणि नजरबादला उतरायचं ते गावाच्या भलत्याच टोकाला जाऊन पोहोचले. परत येताना रडू येत होतं, पण त्या बसमध्येही शेजारच्या बाईंनी काही विचारलं तेव्हा मी हौदुच म्हटलं.

त्याच दिवसांत नजरबादमधल्या एका शिलाईच्या दुकानासमोर मी थबकले. आतला म्हातारा शिंपी बायकोशी फोनवर मराठीत भांडत होता. मराठीच, पण माझ्या कानाला नवी. मधेच कन्नड, परत मराठी, शेवटी ‘अल्वा’, म्हणजे ‘नाही का’. त्यांच्या कितीतरी पिढ्या इथेच गेल्या होत्या. महाराष्ट्र त्यांनी एकदाच पाहिला होता, तोही देवदर्शनापुरता. मी दारात उभी राहून मराठीत विचारलं, हातशिलाईला बाई हवी आहे का. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, एक स्टूल पुढे केलं आणि म्हणाले, आधी बस तर खरी. त्या दिवसापासून ते माझे मामा झाले. ते स्टूल त्यांनी पुढे केलं नसतं तर माझं इथे काय झालं असतं, हा विचार मी आजही फार वेळ करत नाही.

हुक लावणं, काज करणं, साडीला फॉल लावणं अशी कामं माझ्याकडे आली. मामांनी नव्याने शिकवलेली गोष्ट म्हणजे कच्चा टाका. गिऱ्हाईक नवं असेल किंवा कापड महागाचं असेल तर ते थेट मशीनवर घ्यायचं नाही. आधी पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब टाके घालायचे, अंगाला लावून बघायचं. नीट बसलं तर त्यावरून मशीन. नाही बसलं तर दोरा ओढला की कापड होतं तसं मोकळं. मामा म्हणत, कच्चा टाका म्हंजे टाका न्हवेच, नुसता विचार.

मामांची मुलगी जयलक्ष्मीपुरमला एका क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवायची. तिला मी अक्का म्हणायचे आणि ती मला वैनी. तिची मराठी मामांपेक्षाही थोडी. अडली की कन्नड, तिथेही अडली की इंग्रजी. मला नववीतून शाळा सोडायला लागली हे तिला कळलं तेव्हापासून ती मागेच लागली. तिच्या नादाने मी बाहेरून दहावी दिली आणि पास झाले. मग तिनेच केंद्र सरकारच्या एका खात्याची जाहिरात आणली. दहावी पास चालत होतं, पेपर मराठीतून देता येत होता. वयाची अट बघितली तर माझ्यासाठी ही पहिली संधी होती आणि शेवटचीही. ह्यांचं गोदामातलं काम कंत्राटी, कधी बंद होईल सांगता येत नव्हतं. एक पक्की नोकरी घरात आली की म्हैसूर सोडावं लागणार नाही, एवढंच मला दिसत होतं.

परीक्षा चार पर्यायांची. बरोबर उत्तराला एक गुण आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागे एक तृतीयांश गुण कापणार. अक्का रविवारी दुपारी सरावाचे कागद आणायची आणि मी कापडं कापायच्या टेबलावर ते सोडवायचे. पहिला कागद मी शेवटपर्यंत भरला, एकही प्रश्न सोडला नाही. अक्काने तपासला तर चुकांनी बरोबर उत्तरांचेही गुण खाल्ले होते. तिने विचारलं, हे एवढे माहीत होते का. मी म्हटलं, नव्हते, पण कोरं कसं सोडायचं.

मामा मशीनवरून म्हणाले, “सुम्ने कशाला लिहितेस गं? गोत्तिल्ला तर गोत्तिल्ला. सोड की.”

सुम्ने म्हणजे उगाच, आणि गोत्तिल्ला म्हणजे माहीत नाही. मामा हे गोत्तिल्ला दिवसातून कितीदा तरी म्हणायचे. पत्ता विचारणाऱ्याला, भाव विचारणाऱ्याला, मामींनाही. म्हणताना त्यांना काहीच वाटायचं नाही.

मी सोडायला शिकले, आणि मग सोडतच सुटले. एक तृतीयांश हे शब्द डोक्यात बसले. पुढचा कागद निम्मा कोरा. चुका जवळजवळ नव्हत्या, गुणही नव्हते. अक्काने कपाळाला हात लावला. मग तिने हिशेब समजावला. चारातलं काहीच कळत नसेल तर सोडा, अंदाजाने मारून शेवटी हाती काही लागत नाही. पण चारातले दोन नक्की नाहीत एवढं कळलं, तर उरलेल्या दोनातलं एक लिहायचंच. असे दोन प्रश्न लिहिले, एक बरोबर आला, एक चुकला, तर एक पूर्ण गुण आला आणि एकाचा तिसरा भाग गेला. फायदा आपलाच.

हिशेब मला पटला. हाताला पटला नाही. दोन पर्याय खोडले की हात थांबायचा. मग मी माझ्यापुरती वाट काढली. तशा प्रश्नांना पेन्सिलीने हलका ठिपका द्यायचा आणि पुढे जायचं. शेवटी वेळ उरला की परत येऊन बघायचं. हे कच्च्या टाक्यासारखंच होतं. फक्त परत आले की मी बहुतेक ठिपके खोडून टाकायचे. अक्का म्हणाली, “वैनी, तुम्ही शिवता छान, पण उसवता जास्ती.” मामांनी तर छंदच लावून घेतला. गिऱ्हाईक गेलं की विचारायचे, बाहीची उंची किती, पर्याय ए, बी, सी, डी. मी गप्प बसले की म्हणायचे, बघा, हुकला गुण.

परीक्षा कॉम्प्युटरवर होणार होती. आदल्या दिवशी अक्काने फोनवर सांगितलं की तिथे पेन्सिल नसते, पण परत बघायच्या प्रश्नांसाठी जांभळं बटण असतं, ते वापरा. मी तेच केलं. खात्रीचे प्रश्न पटापट सोडवले, अजिबात न येणारे सोडले, आणि दोनावर येऊन अडलेल्या प्रश्नांना एक पर्याय निवडून जांभळं करत गेले. मग आगगाड्यांच्या वेगाच्या एका गणितात अडकले. ते सुटलं तेव्हा घड्याळ संपत आलं होतं, आणि मी मागे वळण्याआधीच पडदा आपोआप बंद झाला. मला हायसं वाटलं. जांभळे राहिले ते राहिले, धरले जाणार नाहीत, निदान गुण तरी कापले जाणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकानात अक्काने किती सोडवले विचारलं तेव्हा मी हे सगळं सांगितलं. तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाली, “वैनी, ऑप्शन क्लिक केलं होतं, की नुसतंच जांभळं?”

“केलं होतं. त्याशिवाय टाका कसा पडणार?”

“मग ते धरतात. पुसलं नाही तर उत्तरच ते.”

मामांनी मशीन थांबवलं. “धरतात म्हंजे? कच्चा टाका कोण धरतो?”

अक्का म्हणाली, सुरुवातीच्या सूचनांत लिहिलेलं असतं. मी त्या सूचना वाचल्या होत्या, निदान डोळे त्यांच्यावरून फिरवले होते.

त्यानंतरचे आठवडे कसेबसे गेले. हातून काम होत होतं. रात्री कोणकोणते प्रश्न जांभळे होते ते आठवत बसायचे, आणि आठवले ते सगळे चुकलेलेच वाटायचे. ह्यांना सांगितलं नाही. मामींनी दोनदा घरून पुरणाची पोळी पाठवली, काही न विचारता.

मग खात्याने बरोबर उत्तरं जाहीर केली. शेजारी आपण दिलेलं उत्तरही दिसायचं. अक्काने टेबलावर लॅपटॉप उघडला. मामांनी कात्री आणि खडू बाजूला सारले. आधी खात्रीचे बघू म्हटलं, जांभळे शेवटी. खात्रीच्यांनीच दगा दिला. एका राज्याची राजधानी, शेकडेवारीचं सोपं गणित, शरीरातल्या हाडांचा प्रश्न. पुन्हा बघायची गरजच नाही म्हणून पुढे गेले होते, तिथेच गुण कापले गेले होते. मी खुर्चीवरून उठून दारात जाऊन उभी राहिले. अक्का मागून वाचत राहिली. बरोबर. बरोबर. चूक. बरोबर. मला वाटलं अजून खात्रीचेच चालले आहेत.

“वैनी, हे जांभळे,” ती म्हणाली.

चुकलेले होते, पण बरोबर आलेले जास्त होते. वेळ मिळाला असता तर मी ते सगळे पुसले असते, हे मला माहीत होतं आणि अक्कालाही. पुढे यादी लागली, त्यात मी अगदी काठावर होते. जांभळे काढले असते तर नसते.

मामांनी सगळं दोनदा समजून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे हिला वेळ पुरला असता तर ही गेली असती.”

आता मी सकाळच्या गाडीने म्हैसूरहून कृष्णराजनगरला नोकरीवर जाते. खिडकीतून भाताची खाचरं दिसतात. कार्यालयातले वरिष्ठ कन्नडमधून काही विचारतात, कळलं तर सांगते. नाही कळलं तर गोत्तिल्ला म्हणते आणि विचारून सांगते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा हात नकळत मागे गेला होता, छडी चुकवल्यासारखा. ते नुसते मान हलवून दुसऱ्याला विचारायला गेले.

रविवारी अजून दुकानात जाते. मामांची नजर आता मंदावली आहे, पांढरा दोरा पांढऱ्या अस्तरावर त्यांना दिसत नाही. म्हणून मशीन मारून झालं की कच्चे टाके ओढायचं काम माझ्याकडे असतं. मामा ब्लाउज पुढे सरकवतात आणि दरवेळी तेच म्हणतात.

“काढ. पण बघून काढ, अल्वा.”